नदीच्या काठाने, दोन चाकांवर

(जर्मनी हा युरोपातील एक प्रगत देश आहे. मोटारींच्या कारखान्यांसाठी तो जगभर प्रसिद्ध आहे. अशा देशातील लोक सुट्टी मिळताच मोटार घरी ठेवून सायकलीवर का निघतात? नेकार व ऱ्हाईन या नद्यांच्या काठाने जाणाऱ्या सायकल-सफरीचे वर्णन या पाठात आहे. तेथील जुनी शहरे, त्यांचा इतिहास आणि सायकलीच्या जन्माची हकिकत यांतून या प्रश्नाचे उत्तर मिळते.)

मुलांनो, मागच्या वर्षी मी नववीच्या वर्गाला निबंध दिला होता. विषय होता 'माझे आवडते वाहन'. वर्गात बेचाळीस मुले. त्यांतली निम्म्याहून अधिक रोज सायकलीने शाळेत येतात. पण सायकलीवर निबंध लिहिणारा एकच निघाला. बाकीच्यांनी मोटारसायकल, मोटार, विमान यांवर पाने भरली होती. मी कारण विचारले. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, सायकल काय आवडीने चालवतात? मोटारसायकल घ्यायला पैसे नसतात म्हणून चालवतात."

सगळा वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. मला माझे कॉलेजचे दिवस आठवले. अब्बांची जुनी, काळी सायकल घेऊन मी कॉलेजात जात असे. फाटकाच्या आत मोटारसायकलींची रांग असे. त्या रांगेत आपली सायकल लावायची मला लाज वाटे. मी ती रस्त्यापलीकडच्या झाडाखाली उभी करी आणि चालत आत जाई.

त्या दिवशी त्या मुलाला मी नीट उत्तर देऊ शकलो नाही. ते आज देतो. पण त्यासाठी तुम्हांला माझ्याबरोबर जर्मनीला यावे लागेल. घाबरू नका, तिकीट लागणार नाही! मीही तिथे प्रत्यक्ष गेलेलो नाही. नकाशा समोर ठेवून आणि पुस्तके वाचून मी ही सफर कितीतरी वेळा केली आहे. तुम्हीही नकाशाचे पुस्तक उघडा आणि युरोपच्या मधोमध जर्मनी शोधा. आता बोट खाली, नैऋत्येकडे न्या. तेथे नेकार नावाची नदी सापडेल. सुमारे ३६५ किलोमीटर वाहत जाऊन ती मानहाइम या शहरापाशी ऱ्हाईन या मोठ्या नदीला मिळते. आपण ट्यूबिंगेन या गावापासून नेकारच्या काठाने मानहाइमला जाऊ. तेथून ऱ्हाईनच्या काठाने वॉर्म्स आणि माइंत्स ही शहरे गाठू. सारी वाट तीनशे किलोमीटरांहून थोडी अधिक आहे. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर चाललो तर आठवडाभराची सफर होईल.

नदीचाच काठ का निवडायचा, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण सोपे आहे. नदी नेहमी उताराकडे वाहते. तिच्या प्रवाहाबरोबर गेले की मोठे चढ फारसे लागत नाहीत. आणि जुनी शहरे तर नदीकाठीच वसलेली असतात. पाणी, शेती, नावांची ये-जा, व्यापार या सगळ्यांसाठी माणसाला नदी हवी होती. म्हणून नदीचा हात धरला की एकामागून एक शहर आपोआप भेटत जाते. जर्मनीत अशा नद्यांच्या काठांनी सायकलींसाठी खास वाटा केल्या आहेत. ठिकठिकाणी सायकलीचे चित्र आणि पुढच्या गावाचे अंतर लिहिलेल्या पाट्या असतात.

चला, आपण ट्यूबिंगेनला पोहोचलो. हे विद्यापीठाचे गाव आहे. येथील विद्यापीठ १४७७ साली स्थापन झाले. ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळाकार मार्गाने फिरतात, हे सांगणारा केप्लर येथेच शिकला. नेकारच्या पाण्यात येथे लांब, सपाट नावा चालतात. नावेच्या मागे उभा राहून नावाडी लांब काठी नदीच्या तळाशी रेटतो आणि नाव पुढे सरकते.

येथे आपला वाटाड्या आपली वाट पाहत आहे. अशा सफरीत दहा-पंधरा जणांची टोळी असते. तिच्यात वीस वर्षांचे तरुण असतात, तसे सत्तर वर्षांचे आजी-आजोबाही असतात. काही वृद्ध माणसे बॅटरीची मदत मिळणारी सायकल घेतात. प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे सायकलीची सीट वर-खाली करून दिली जाते. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीट फार खाली असली तर गुडघे दुखतात. तुम्ही आपापल्या सायकलीवर बसून हे आजच तपासून पाहा. मोठे सामान आपल्याला वाहायचे नाही. ते गाडीने पुढच्या मुक्कामावर जाईल. आपल्याजवळ फक्त पाण्याची बाटली, थोडा खाऊ आणि पावसाचा कोट. पंक्चर काढायचे सामान व हवा भरायचा पंप वाटाड्याच्या पिशवीत आहे.

निघण्यापूर्वी वाटाड्या नियम सांगतो. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, तेथे उजव्या बाजूने. वळायचे असेल तर आधी हात दाखवायचा. पुढे माणूस चालत असेल तर घंटी वाजवायची आणि वेग कमी करायचा. पुढच्या वाटाड्याला कोणी मागे टाकायचे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम शेवटी येतो. टोळीच्या अगदी मागे दुसरा एक जाणता सायकलस्वार असतो. त्याच्या मागे कोणीही राहायचे नाही. एखाद्याची चेन उतरली, एखाद्याला दम लागला, तर तो पिछाडीचा माणूस त्याच्याजवळ थांबतो. वळणावळणावर पुढची टोळीही थांबते. सगळे आल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. म्हणजे या सफरीत सर्वांत वेगवान सायकलस्वाराच्या वेगाला किंमत नसते. जो सर्वांत हळू चालवतो, त्याच्या वेगाने सगळे चालतात.

जर्मन मुलांना हे नियम नवीन नसतात. तेथे शाळेत साधारण चौथीच्या सुमारास मुलांना सायकल चालवण्याचे शिक्षण मिळते. पोलीस शाळेत येऊन रहदारीचे नियम शिकवतात आणि मुलांची परीक्षाही घेतात. सायकल चालवणे हाही तेथे एक अभ्यास आहे.

आता पायडल मारा! उजवीकडे पाणी, डावीकडे सफरचंदांच्या बागा. थोड्याच वेळात तुमच्या लक्षात येईल की सायकलीवरून जग वेगळे दिसते. मोटारीच्या काचेतून झाड दिसते. सायकलीवरून झाडावरचा पक्षीही दिसतो आणि त्याची शीळही ऐकू येते. पाव भाजण्याचा वास येतो. वाटेत भेटणारा माणूस सलाम करतो आणि आपल्याला उत्तर द्यायला वेळ मिळतो.

प्लोखिंगेनपासून पुढे नदीवर मोठी मालवाहू जहाजे दिसू लागतात. नदीत ठिकठिकाणी बांध घालून पाणी अडवले आहे. मग जहाज वरच्या पाण्यातून खालच्या पाण्यात कसे उतरते? बांधाच्या एका बाजूला एक लांब हौद असतो. त्याला दोन्ही टोकांना दरवाजे असतात. जहाज हौदात शिरले की मागचा दरवाजा बंद होतो. मग हौदातले पाणी हळूहळू खाली सोडतात. पाण्याबरोबर जहाजही खाली उतरते. पाणी खालच्या पातळीला आले की पुढचा दरवाजा उघडतो. येथून मानहाइमपर्यंत असे २७ बांध आहेत. नदीला पायऱ्याच केल्या आहेत म्हणा ना!

एसलिंगेनमध्ये रात्रीचा मुक्काम करा. येथे चौदाव्या शतकातली लाकडी चौकटींची घरे आजही उभी आहेत आणि त्यांत माणसे राहतात. खाण्याची काळजी करू नका. पाव, अंडी, चीज, फळे सगळीकडे मिळतात. शिवाय १९६१ साली जर्मनी व तुर्कस्तान यांच्यात करार झाला आणि हजारो तुर्की कामगार येथील कारखान्यांत कामाला आले. त्यांची मुले-नातवंडे आता येथलीच झाली आहेत. त्यामुळे अनेक गावांत तुर्की दुकान सापडते आणि तेथे हलाल जेवण मिळते.

दुसऱ्या दिवशी श्टुटगार्ट शहराचा कानश्टाट हा भाग लागतो. येथे गॉटलिब डाइमलर याने आपल्या बागेतल्या एका छोट्या कारखान्यात लहान आकाराचे इंजिन तयार केले आणि १८८५ साली ते एका लाकडी दुचाकीवर बसवले. ही जगातल्या पहिल्या मोटारसायकलींपैकी एक. नववीच्या त्या मुलांना हे सांगायला हवे! आणखी पुढे लाउफेन नावाचे लहान गाव आहे. १८९१ साली येथल्या पाण्यावर तयार केलेली वीज तारांमधून सुमारे १७५ किलोमीटर दूर फ्रँकफुर्टला नेण्यात आली. इतक्या दूर वीज नेता येते, हे जगाने तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

मग आपण हायल्ब्रॉनला येतो. मुलांनो, येथे जरा सायकलीवरून उतरा. हे गावही जुने आहे. पण येथे जुनी घरे फारशी दिसत नाहीत. दुसरे महायुद्ध हिटलरच्या जर्मनीने १९३९ साली सुरू केले. त्याची आग फिरून तिच्याच शहरांवर आली. ४ डिसेंबर १९४४ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी हायल्ब्रॉनवर बाँब टाकले. त्या एका रात्रीत साडेसहा हजारांहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत तुमच्याएवढी मुलेही होती. जुने गाव जळून गेले. येथील किलियन चर्च पडके झाले होते. लोकांनी ते पुन्हा बांधले. युद्ध कोणी सुरू केले आणि कोण मेले, याचा हिशेब करायला बसले की मान खाली जाते.

पुढचे गाव बाड विम्पफेन. ते नदीपासून उंच टेकडीवर आहे. मध्ययुगात येथे बादशहांचा वाडा होता आणि त्या काळचा उंच मनोरा अजून उभा आहे. येथे चढ लागतो. चढ जमला नाही तर उतरा आणि सायकल हाताने ढकलत चला. टोळीतले अर्धे लोक तेच करतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

यानंतर नदी हिरव्या डोंगरांमधून वळणे घेत जाते आणि एका वळणावर हायडेलबर्ग दिसते. डोंगराच्या उतारावर लाल दगडाचा भग्न किल्ला, खाली गाव आणि नदीवर कमानींचा जुना पूल. १६८९ व १६९३ साली फ्रेंच फौजांनी हा किल्ला उद्ध्वस्त केला. पुढे १७६४ साली त्यावर वीज पडली. जर्मनीतले सर्वांत जुने विद्यापीठ येथे आहे. ते १३८६ साली स्थापन झाले. पुलाची हकिकतही ऐकण्यासारखी आहे. येथला आधीचा पूल १७८४ साली बर्फाच्या लोंढ्याने वाहून गेला. मग १७८८ साली हा दगडी पूल पूर्ण झाला. १९४५ च्या मार्च महिन्यात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच त्याच्या कमानी उडवल्या. लोकांनी १९४७ साली तो पुन्हा उभा केला.

पण आपण हायडेलबर्गला थांबतो ते आणखी एका कारणासाठी. 'तराना-ए-हिंदी' लिहिणारे अल्लामा इक्बाल तुम्हांला ठाऊक आहेत. १९०७ साली, तिशीच्या वयात, ते या गावात राहत होते. त्यांना म्युनिक विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवायची होती आणि त्यासाठी ते येथे जर्मन भाषा शिकत होते. विचार करा, एवढा मोठा शायर, पण नवी भाषा शिकण्यासाठी विद्यार्थी होऊन बसला! तुम्ही उर्दू माध्यमातून शिकता आणि मराठीचा हा धडा वाचता, तेव्हा हे लक्षात ठेवा. नेकारच्या काठावरची शांत संध्याकाळ पाहून इक्बालांनी 'एक शाम' नावाची नज्म लिहिली. ती त्यांच्या 'बांग-ए-दरा' या संग्रहात आहे. हायडेलबर्गकरांनी नदीकाठच्या एका रस्त्याला इक्बालांचे नाव दिले आहे. त्या नज्मेत नेकारला 'दरिया' म्हटले आहे. उर्दूत दरिया म्हणजे नदी. मराठीत मात्र दर्या म्हणजे समुद्र. शब्दही मुसाफिर असतात. ते एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जातात आणि वाटेत अर्थ बदलतात.

हायडेलबर्गहून सुमारे वीस किलोमीटरवर मानहाइम आहे. या शहराच्या जुन्या भागातल्या बहुतेक रस्त्यांना नावेच नाहीत. सारा भाग चौकोनांत आखला आहे आणि प्रत्येक चौकोनाला अक्षर व अंक दिला आहे. मुलांनो, आपली सायकल जन्मली ती या शहरात! १२ जून १८१७ रोजी कार्ल ड्राइस नावाचा माणूस मानहाइममधून एका लाकडी दुचाकीवर बसून निघाला. तिला पायडल नव्हते, चेन नव्हती. दोन चाकांच्या मधल्या दांडीवर बसायचे आणि पायांनी जमीन मागे रेटत पळायचे. पुढचे चाक वळवण्यासाठी दांडा होता. गावाबाहेरचे एक ठाणे गाठून तो तासाभराच्या आत परत आला. घोडागाडीपेक्षाही त्याचा वेग अधिक होता.

ड्राइसला ही कल्पना का सुचली असेल? १८१५ साली इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याची राख आणि वायू आकाशात पसरले. पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. पिके बुडाली. माणसांना धान्य नाही, तिथे घोड्यांना कोठून? घोडे मेले. घोड्याशिवाय चालणाऱ्या वाहनाची गरज त्यातूनच निर्माण झाली, असे काही अभ्यासक मानतात. लोकांना हे वाहन पाहून आधी नवल वाटले, मग ते हसू लागले. पायी चालणाऱ्यांना धक्के लागतात म्हणून अनेक शहरांत त्यावर बंदी आली. ड्राइस १८५१ साली गरिबीत वारला. १८६०च्या दशकात फ्रान्समध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले. पुढे चेन आली, हवेचे टायर आले आणि आपली आजची सायकल तयार झाली.

याच मानहाइममध्ये १८८६ साली कार्ल बेंझ याने आपल्या मोटारीचा हक्क नोंदवला. लोकांचा तिच्यावर विश्वास बसेना. तेव्हा १८८८ साली त्याची पत्नी बेर्ता दोन मुलांना घेऊन ती मोटार स्वतः चालवत फोर्त्सहाइमला, आपल्या माहेरी, गेली. वाटेत इंधन संपत आले, तेव्हा तिने ते औषधाच्या दुकानातून विकत घेतले! म्हणजे सायकल आणि मोटार या दोघींचे माहेर एकच. मग आज मानहाइमचे लोक मोटार असूनही सायकल का चालवतात?

एक कारण १९७३ साली घडले. त्या वर्षी अरब देशांनी तेलाचा पुरवठा कमी केला आणि जर्मनीत पेट्रोलची टंचाई झाली. सरकारने नोव्हेंबर व डिसेंबरमधले चार रविवार मोटारी चालवायला बंदी केली. मोठमोठ्या महामार्गांवर लोक पायी आणि सायकलीने फिरू लागले. रस्ता मोटारीशिवायही असू शकतो, हे एका पिढीने डोळ्यांनी पाहिले. १९७९ साली सायकलस्वारांनी आपली देशव्यापी संघटना स्थापन केली. सायकलींसाठी वेगळ्या वाटा हव्यात, आगगाडीत सायकली नेता आल्या पाहिजेत, अशा मागण्या त्यांनी सतत केल्या. या वाटा आकाशातून पडलेल्या नाहीत, मुलांनो. त्या मागाव्या लागल्या.

आता आपण ऱ्हाईनच्या काठाला लागलो. हिचे पात्र रुंद आहे आणि तिच्यावरून जहाजांची रांग सुरू असते. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराजवळ एका रसायनांच्या गोदामाला आग लागली. आग विझवण्यासाठी मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशके नदीत गेली. पाणी लाल झाले आणि असंख्य मासे मेले. नदीला सरहद्द ठाऊक नसते; एका देशातले विष चार देशांना भोवले. दुसऱ्याच वर्षी काठावरच्या देशांनी मिळून नदी शुद्ध करण्याची योजना आखली. नाहीसा झालेला सामन मासा परत येईल, हे तिचे ध्येय होते. काम अजून पुरे झालेले नाही; पण नदीच्या काही भागांत तो मासा परतला आहे.

वॉर्म्स शहरात भव्य चर्च आहे. १५२१ साली मार्टिन ल्यूथर येथेच बादशहासमोर उभा राहिला आणि आपली मते मागे घ्यायला त्याने नकार दिला. याच शहरात यहुद्यांचे फार जुने कब्रस्तान आहे. तेथील सर्वांत जुने दगड अकराव्या शतकातले आहेत. येथील यहुद्यांचे प्रार्थनामंदिर १९३८ साली नाझींनी जाळले. ते पुन्हा बांधून १९६१ साली उघडण्यात आले. सायकल हळू चालवा आणि रस्त्याकडे पाहा. काही घरांसमोर फरसबंदीत पितळी पत्र्याचे लहान चौकोन बसवले आहेत. त्यांवर नावे आणि साले कोरली आहेत. नाझींनी ज्यांना त्या घरातून नेले आणि ठार मारले, त्यांची ही नावे. जर्मनीच्या बहुतेक शहरांत असे चौकोन आहेत. ते वाचायला खाली वाकावे लागते. मोटारीतून जाणाऱ्याला ते दिसत नाहीत.

शेवटचा मुक्काम माइंत्स. पंधराव्या शतकाच्या मध्याला योहानेस गुटेनबर्गने येथे धातूचे सुटे खिळे जुळवून पुस्तक छापले. तुमच्या हातातले हे पाठ्यपुस्तक त्या कामाचे नातवंड आहे. उर्दूची पुस्तके मात्र दीर्घकाळ कातिबाच्या अक्षरांवरून शिळाछापावर छापली जात. ती शिळाछापाची कलाही जर्मनीतच, म्युनिकमध्ये, अठराव्या शतकाच्या अखेरीस आलोइस झेनेफेल्डर याने शोधून काढली.

सफर संपली. सायकली परत करा. आता मागच्या बाकावरच्या त्या मुलाला उत्तर देतो.

बेटा, तू खोटे बोलला नाहीस. आपल्यापैकी अनेक जण पैसे नाहीत म्हणूनच सायकल चालवतात. माझ्या अब्बांनीही त्यासाठीच चालवली. आपल्या रस्त्यांवर ट्रकच्या बाजूने सायकल नेताना जीव मुठीत धरावा लागतो, हेही खरे आहे. पण पैसे नसणे ही लाज नव्हे आणि सायकल ही गरिबीची खूण नव्हे. जिथे मोटार जन्मली, त्या गावचे लोक आजही सायकलीवर बसतात. कारण तिच्यावर बसून त्यांना आपले गाव, आपली नदी आणि आपल्या चुकासुद्धा जवळून दिसतात. ड्राइसलाही लोक हसले होते. हसणाऱ्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत.

अब्बांची सायकल अजून आमच्या घरी आहे. मी तिला नवे टायर-ट्यूब टाकले, चेनला तेल दिले. आता मी तिच्यावर शाळेत येतो आणि ती शाळेच्या फाटकाच्या आत, पहिल्या रांगेत लावतो.

शब्दार्थ

वाटाड्या : वाट दाखवणारा, रहबर
पिछाडी : मागची बाजू
टोळी : माणसांचा गट
मुक्काम : प्रवासात थांबण्याची जागा
भग्न : मोडलेला, तुटलेला
लोंढा : पाण्याचा जोराचा प्रवाह
टंचाई : कमतरता, तुटवडा
भोवणे : वाईट परिणाम होणे
फरसबंदी : दगड बसवून केलेली जमीन
जीव मुठीत धरणे : फार घाबरून असणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नेकार नदी कोणत्या शहरापाशी ऱ्हाईनला मिळते?
(आ) अल्लामा इक्बाल हायडेलबर्गमध्ये कशासाठी राहत होते?
(इ) कार्ल ड्राइसच्या दुचाकीला काय नव्हते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) जुनी शहरे नदीकाठी वसलेली असतात.
(आ) १९७३ साली जर्मनीत चार रविवार मोटारी बंद होत्या.
(इ) हायल्ब्रॉनमध्ये जुनी घरे फारशी दिसत नाहीत.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नदीवरच्या बांधापाशी जहाज खाली कसे उतरते?
(आ) सायकलींच्या टोळीत पिछाडीच्या माणसाचे काम काय असते? वर्गात असा माणूस असावा असे तुम्हांला वाटते का?
(इ) "या वाटा आकाशातून पडलेल्या नाहीत," असे लेखक का म्हणतो?

प्र. ४. भाषाभ्यास : 'दर्या' या शब्दाप्रमाणे 'इशारा', 'मजकूर', 'शिकस्त' हे शब्दही उर्दूत व मराठीत वेगवेगळ्या अर्थांनी वापरतात. दोन्ही भाषांतले अर्थ घरी विचारा आणि प्रत्येक शब्द मराठी वाक्यात वापरा.

उपक्रम : घरातील मोठ्या माणसाला बरोबर घेऊन तुमच्या गावच्या नदीच्या किंवा ओढ्याच्या काठाने सायकलीवर वा पायी एक तास फिरा. मोटारीतून जाताना जे कधी दिसले नव्हते, अशा पाच गोष्टी मराठीत लिहून आणा.